युद्धनौकेवरच्या झोपेचा हिशेब

प्रति,
मा. संपादक,

विषय : युद्धनौकांवरील अपुरे मनुष्यबळ, कामाचे तास आणि विश्रांती

महोदय,

नौदलाच्या ताफ्यात नवी युद्धनौका दाखल झाली की तिची बातमी आपल्या दैनिकासह सर्वच वृत्तपत्रांत ठळकपणे येते. १५ जानेवारी २०२५ रोजी ‘सुरत’, ‘निलगिरी’ आणि ‘वाघशीर’ या तिन्ही एकाच दिवशी मुंबईत दाखल झाल्या, तेव्हाही तसेच झाले. जहाज किती टनांचे, त्याची लांबी किती, क्षेपणास्त्रे कोणती, स्वदेशी सामग्रीचे प्रमाण किती, हे सारे वाचकाला कळते आणि ते कळावे यात गैर काही नाही. मात्र अशा जहाजासाठी मंजूर पदे किती, त्यांपैकी प्रत्यक्ष भरलेली किती, आणि त्या पदांवर असलेल्या माणसाला चोवीस तासांत सलग किती तास झोप मिळते, हे कधी छापून आल्याचे मला आठवत नाही. या पत्राचा विषय तेवढाच आहे.

मी नौदलात नव्हतो. सोलापूर हे समुद्रापासून दूरचे शहर, आणि माझी सगळी नोकरी येथील रेल्वेच्या क्रू लॉबीत गेली. कोणता ड्रायव्हर किती वाजता साइन ऑन झाला, किती वाजता उतरला, त्याची विश्रांती पुरी झाली की नाही आणि पुढच्या गाडीला कोणाला बोलवायचे, एवढेच आमचे काम होते. पण त्यात चूक झाली तर तिची किंमत काय असते, हे आम्हाला कोणी वेगळे शिकवावे लागत नसे. माणसाच्या कामाच्या तासांची मोजदाद करण्यात उमेदीची वर्षे गेल्यामुळे असेल, कोणत्याही अपघाताची बातमी वाचताना तो माणूस त्या क्षणी किती तासांपासून जागा होता, हा प्रश्न माझ्या मनात आधी येतो. माझा पुतण्या नौदलात आहे, हेही सांगून टाकतो. पण या पत्रातील एकही ओळ त्याच्याकडून आलेली नाही. तो सुटीवर घरी आला की जहाजाविषयी बोलत नाही आणि आम्हीही विचारत नाही. पुढे जे लिहिले आहे ते संसदेतील उत्तरे, लेखापरीक्षणाचे अहवाल आणि परदेशी नौदलांनी प्रसिद्ध होऊ दिलेल्या चौकशा यांतून घेतलेले आहे.

रेल्वेत गाडी चालवणाऱ्या कर्मचाऱ्याचे कामाचे तास दोन आठवड्यांना १०४ या हिशेबाने धरले जातात. आठ तास किंवा त्याहून अधिक ड्युटी करून तो मुख्यालयी परतला तर त्याला सोळा तासांची विश्रांती मिळायला हवी, ड्युटी त्याहून कमी असेल तर बारा तासांची. शिवाय महिन्यातून चार वेळा सलग तीस तासांची किंवा पाच वेळा बावीस तासांची मोठी विश्रांती. हे नियम रोज आणि सर्वत्र पाळले जातात असा दावा मी करणार नाही. लोको पायलटांच्या संघटना याच प्रश्नावर आजही आंदोलने करतात आणि रेल्वेतल्या रिक्त जागाही थोड्या नाहीत. परंतु नियम मोडला तर तो मोडल्याची नोंद राहते, कारण साइन ऑन आणि साइन ऑफची वेळ संगणकात चढलेली असते. ती नोंद हातात घेऊन संघटना प्रशासनाला जाब विचारू शकते, चौकशी अधिकारी ती मागवू शकतो आणि खासदार तिच्यावर प्रश्न विचारू शकतो.

व्यापारी जहाजांनाही असाच नियम लागू आहे. २००६ च्या सागरी कामगार करारानुसार खलाशाला चोवीस तासांत किमान दहा तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती दिली पाहिजे. रोजच्या विश्रांतीचे दोनाहून अधिक तुकडे करता येत नाहीत आणि त्यांतला एक तुकडा किमान सहा तासांचा असावा लागतो. भारताने हा करार २०१५ मध्ये स्वीकारला. त्याच करारात युद्धनौकांना तो लागू नाही असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे मुंबई बंदरातून एकाच सकाळी बाहेर पडणाऱ्या दोन जहाजांपैकी तेलवाहू जहाजावरच्या खलाशाची विश्रांती आंतरराष्ट्रीय कराराने मोजली जाते, आणि त्याच्या रक्षणासाठी पुढे निघालेल्या युद्धनौकेवरच्या नौसैनिकाची मोजली जाईल अशी हमी त्या करारात नाही.

युद्धनौकेवरचे काम म्हणजे नेमके काय, हे आपल्यासारख्या देशावरच्या माणसांना सहज उमगत नाही. सोलापुरात गिरण्या चालू होत्या तेव्हा पाळी सुटल्याचा भोंगा झाला की कामगार घरची वाट धरत असे. जहाजावर वॉच संपला की उरलेले काम सुरू होते. वॉच म्हणजे पहाऱ्याची पाळी : ब्रिजवर (जिथून जहाज चालवतात त्या कक्षात), रडार आणि शस्त्रप्रणालींच्या कक्षात, इंजिनांच्या नियंत्रण कक्षात किंवा उघड्या डेकवर समुद्र न्याहाळत. ब्रिटिश परंपरेतून आलेल्या नौदलांत ही पाळी साधारणपणे चार तासांची असते. दुपारी चार ते रात्री आठ हा काळ दोन-दोन तासांच्या दोन पाळ्यांत तोडतात, त्यामुळे दिवसाच्या पाळ्या सहाऐवजी सात होतात आणि मध्यरात्री बारा ते चारची पाळी रोज एकाच माणसाच्या वाट्याला येत नाही. न्यायाच्या दृष्टीने ही योजना चोख आहे. शरीराच्या दृष्टीने मात्र तिचा अर्थ असा होतो की माणसाची झोपण्याची वेळ रोज सरकत राहते. आज रात्री बारापर्यंत जागा राहिलेला माणूस उद्या पहाटे चारला उठतो आणि परवा मध्यरात्री. आमच्या लॉबीत सलग रात्रपाळ्या केलेला ड्रायव्हर चेहऱ्यावरून ओळखू येत असे. येथे तर रात्र कोणती आणि दिवस कोणता हेच शरीराला ठरवू दिले जात नाही.

वॉच झाल्यावर आपापल्या यंत्राची देखभाल असते. खाऱ्या हवेत गंज कधी थांबत नाही, त्यामुळे घासणे आणि रंगवणे हेही रोजचेच. सामान चढवणे, स्वच्छता, वर्ग, परीक्षा, आग आणि पाणी शिरण्याच्या प्रसंगांचा सराव, हे त्याखेरीज. समुद्रात दुसऱ्या जहाजाकडून इंधन घ्यायचे असेल किंवा युद्धसज्जतेचा इशारा वाजला, तर नुकताच झोपायला गेलेला माणूसही उठतो. झोपायची जागा म्हणजे एकावर एक बसवलेल्या अरुंद बिछान्यांपैकी एक, तीही यंत्रांच्या आवाजात आणि ध्वनिक्षेपकावरच्या सूचनांत. तीन गटांत पाळ्या लावता आल्या तर माणसाला दिवसातून आठ तास वॉच करावा लागतो. पात्र माणसे कमी पडून दोनच गट उरले तर बारा तास. म्हणजे आठवड्याला ८४ तास केवळ पहाऱ्याचे, बाकीचे काम वेगळे. कारखान्यात माणसे कमी आली तर काही यंत्रे बंद ठेवता येतात. जहाज निघाले की त्यावरचे काहीही बंद ठेवता येत नाही, आणि माणसे कमी म्हणून रडारचा पडदाही लहान होत नाही. शिवाय तूट सर्वांवर सारखी वाटली जात नाही. ज्या कामासाठी पाच पात्र माणसे हवीत तिथे तीनच असतील, तर त्या तिघांच्या झोपेतून ती भरून निघते. शेजारच्या विभागात माणसे पुरेशी असली तरी त्यांचा येथे उपयोग नसतो.

याचा परिणाम काय होतो, हे अमेरिकेच्या नौदलाने २०१७ मध्ये जगासमोर आणले, अर्थात स्वतःच्या इच्छेने नव्हे. १७ जून २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर जपानच्या किनाऱ्याजवळ ‘फिट्झजेराल्ड’ ही विनाशिका एका मालवाहू जहाजावर आदळली आणि झोपण्याच्या कक्षात पाणी शिरून सात नौसैनिक बुडाले. त्यानंतर दोन महिने उलटतात न उलटतात तोच, २१ ऑगस्टच्या पहाटे सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅकेन’ या विनाशिकेची एका तेलवाहू जहाजाशी टक्कर होऊन दहा नौसैनिक मरण पावले. दोन्ही जहाजांवर जगातली उत्तम म्हणावी अशी रडार यंत्रणा होती. ‘मॅकेन’वर सुकाणू आणि वेग यांचे नियंत्रण दोन वेगळ्या जागी वाटून देताना गोंधळ झाला, सुकाणू निकामी झाले असा समज झाला आणि ते निकामी झालेले नाही हे लक्षात येईपर्यंत वेळ संपली. चौकशीत दोन गोष्टी बाहेर आल्या. त्या वेळी नियंत्रणाजवळ असलेल्यांपैकी काहीजण दुसऱ्या जहाजावरून तात्पुरते घेतलेले होते आणि या जहाजाच्या यंत्रणेचे पुरेसे शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. आणि ब्रिजवरच्या मंडळींना आदल्या चोवीस तासांत सरासरी पाच तासांचीही झोप मिळालेली नव्हती. क्रू लॉबीत बसलेल्या माणसाला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. माणसे कमी असली की आपण दुसरीकडून उसनी आणतो आणि जी हाताशी आहेत त्यांना जास्त राबवतो. दोन्ही उपाय एकाच तुटीतून येतात आणि बहुधा एकाच रात्री अंगाशी येतात.

ही तूट आकाशातून पडलेली नव्हती. २००३ च्या सुमारास अमेरिकेच्या नौदलाने ‘पुरेशी तेवढीच माणसे’ असे धोरण घेऊन जहाजांवरील संख्या कमी करायला सुरुवात केली. पगारावरचा खर्च वाचेल आणि कमी झालेल्या हातांची जागा यंत्रे घेतील, असा त्यामागचा हिशेब होता. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने मे २०१७ मध्ये, म्हणजे पहिल्या टकरीच्या अवघ्या महिनाभर आधी, या धोरणाचा हिशेब मांडला होता. कपातीच्या काळात जहाजे चालवण्याचा आणि राखण्याचा एकूण खर्च वाढला होता आणि दुरुस्त्यांची कामे तुंबली होती. नौदलाने जहाजावरचा ठरावीक आठवडा सुमारे ८० तासांचा धरला होता, पण त्याच्याच २०१४ मधील पाहणीत नौसैनिक सरासरी १०८ तास ड्युटीवर असल्याचे आढळले होते. आमच्या ड्रायव्हरला दोन आठवड्यांत १०४ आणि त्यांच्या नौसैनिकाला एका आठवड्यात १०८. आठवड्याचे तास १६८ असतात. उरलेल्या साठात झोप, जेवण, अंघोळ, घरी पत्र आणि आजारपण. हा आकडा वाचल्यावर मी अहवाल बाजूला ठेवून पुन्हा गुणाकार करून पाहिला.

टकरींनंतर तेथे धावपळ झाली आणि काही चांगलेही घडले. माणसाच्या शरीराला रोज ठरावीक वेळी झोप मिळेल अशा रीतीने वॉच लावावेत, म्हणजे एका माणसाची पाळी रोज त्याच वेळी यावी, असा आदेश युद्धनौकांना देण्यात आला. त्यांच्या नौदलाच्या पदव्युत्तर शिक्षणसंस्थेतील संशोधक हे कित्येक वर्षे सांगत होते. तरीही मे २०२१ मध्ये त्याच लेखापरीक्षण कार्यालयाने पुन्हा पाहिले तेव्हा जहाजांवरील माणसांची तूट २०१६ मधील आठ टक्क्यांवरून २०२० मध्ये पंधरा टक्क्यांवर गेलेली होती, आणि पाहणीत उत्तरे देणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी केवळ १४ टक्क्यांना पुरेशी झोप मिळत होती. आदेशाने वेळापत्रक बदलता येते, त्यावर उभी करायला माणसे मात्र आदेशाने येत नाहीत. नॉर्वेच्या ‘हेल्गे इंगस्टाड’ या फ्रिगेट प्रकारच्या युद्धनौकेची ८ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे तेलवाहू जहाजाशी टक्कर होऊन ती बुडाली, सुदैवाने माणसे वाचली; त्या चौकशीतही पात्र नौकानयन अधिकाऱ्यांच्या तुटवड्यामुळे अधिकाऱ्यांना ब्रिजचा स्वतंत्र ताबा लवकर दिला जात होता आणि त्यांचा अनुभव त्या मानाने कमी होता, असे नमूद झाले.

आता आपल्याकडचे पाहू. संरक्षण राज्यमंत्र्यांनी २०२१ ते २०२३ या काळात संसदेत दिलेल्या लेखी उत्तरांनुसार आपल्या नौदलात दहा हजारांहून अधिक नौसैनिकांची आणि एक हजाराहून अधिक अधिकाऱ्यांची कमतरता होती. याच वर्षांत जहाजांवरचे काम कमी झाले का? २०१७ पासून नौदलाने हिंदी महासागरातील मोक्याच्या सागरी मार्गांवर सतत जहाजे ठेवण्याचे धोरण घेतले आहे. २०२३ च्या डिसेंबरपासून तांबड्या समुद्रातील हल्ले आणि सोमाली चाचेगिरी यांमुळे दहाहून अधिक युद्धनौका अरबी समुद्रात आणि एडनच्या आखाताच्या परिसरात ठेवाव्या लागल्या. मार्च २०२४ मध्ये ‘कोलकाता’ या विनाशिकेने ‘रुएन’ हे अपहृत जहाज सुमारे चाळीस तासांच्या कारवाईनंतर सोडवले आणि ३५ चाच्यांना शरण आणले. आपण त्या बातमीने सुखावलो आणि ते योग्यच होते. पण चाळीस तास चाललेल्या कारवाईत त्या जहाजावर कोण कधी झोपले असेल, आणि कारवाई संपल्यावर ३५ कैद्यांवर पहारा ठेवून मुंबईपर्यंत येताना वॉचचे गट कसे लावले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही. माणसे पुरेशी असती तर तो प्रश्न उरला नसता असे नाही, पण त्याचे उत्तर सोपे झाले असते.

त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजाला क्षेपणास्त्र लागून आग लागली, तेव्हा ‘विशाखापट्टणम’ या युद्धनौकेने दहा जणांचे पथक अग्निशमन सामग्रीसह त्या जहाजावर पाठवले आणि त्यांनी तेथील खलाशांच्या बरोबरीने सुमारे सहा तास झुंजून आग आटोक्यात आणली. त्या खलाशांत बहुतेक भारतीयच होते. स्वयंचलित यंत्रणांमुळे जहाजावर कमी माणसे पुरतील असे जे म्हणतात त्यांनी या प्रसंगाचा विचार करावा. आग विझवणारा माणूस पाठीवर हवेची टाकी बांधून आत जातो. टाकीतली हवा संपत आली की त्याला बाहेर काढून दुसऱ्याला पाठवावे लागते, आणि पहिला लगेच पुन्हा जाऊ शकत नाही. हे काम हातांचे आहे, आणि ते चालू असताना जहाज चालवणारी, समुद्र न्याहाळणारी आणि शस्त्रांवर बसलेली माणसे वेगळी लागतात. अमेरिकेने किनाऱ्याजवळच्या लढाईसाठी बांधलेली छोटी युद्धजहाजे मूळ चाळीस जणांच्या दलासाठी आखली होती. पुढे ती संख्या वाढवून पन्नासवर न्यावी लागली. यंत्रे माणसाचे काम कमी करतात हे खरे आहे, पण यंत्रांची देखभाल करणारा माणूस ती गृहीत धरतात.

लेखापरीक्षणाच्या बाबतीत आपण अगदीच मागे आहोत असे नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१७ च्या अहवालात २००७-०८ ते २०१५-१६ या काळात नौदलाच्या जहाजांच्या आणि पाणबुड्यांच्या ३८ अपघातांची नोंद घेतली होती. त्या अपघातांना थकवा कारण होता असे मी म्हणत नाही; तसे म्हणायला माझ्याजवळ आधार नाही, आणि माझा आक्षेप नेमका तोच आहे. अपघातापूर्वीच्या आठवड्यात त्या जहाजावरील माणसांना किती विश्रांती मिळाली होती, हा प्रश्न जाहीर चर्चेत कधी उपस्थितच झाला नाही. जबाबदारी स्वीकारण्यात आपले नौदल कमी पडते, असेही कोणी म्हणू शकणार नाही. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी ‘सिंधुरत्न’ या पाणबुडीवरील दुर्घटनेत दोन अधिकारी मरण पावले, तेव्हा नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन त्याच दिवशी राजीनामा दिला होता. इतका मोठा नैतिक मानदंड असलेल्या सेवेला तासांची एक वही जड जाऊ नये.

भरती वाढवली की प्रश्न सुटेल, असे पुष्कळांना वाटते. होम मैदानावर पहाटे धावणारी मुले पाहिली, किंवा बार्शी, मंगळवेढा, सांगोला या भागांतल्या भरतीपूर्व प्रशिक्षण वर्गांची गर्दी पाहिली, की माणसांची वाण आहे हे खरेही वाटत नाही. पण भरती झालेला मुलगा आणि वॉचवर एकट्याने उभा राहू शकणारा नौसैनिक यांत मोठे अंतर असते. आमच्याकडे नव्या सहायक लोको पायलटला त्या-त्या मार्गाची ओळख करून घेण्यासाठी जुन्या माणसाबरोबर फेऱ्या कराव्या लागतात. वळणे, चढ, सिग्नल पाठ झाल्याखेरीज त्याला तेथे पाठवत नाहीत. तोवर तो मनुष्यबळात मोजला जातो, पण जुन्या माणसाचे काम त्याने हलके होत नाही, उलट शिकवण्याचे काम वाढते. जहाजावर हेच घडणार, फक्त तिथे शिकवणारा आधीच बारा तास उभा असतो. अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर तुकडीतील जास्तीत जास्त पंचवीस टक्के जणांना कायम करण्याची तरतूद आहे. ओडिशातील चिल्का येथे प्रशिक्षण घेऊन जहाजावर चढलेला अग्निवीर आपल्या कामात पारंगत होईपर्यंत त्याच्या चार वर्षांतील किती काळ गेलेला असतो आणि किती काळ जहाजाला त्याचा पूर्ण उपयोग होतो, हा हिशेब कोणत्या तरी कार्यालयात झालेला असेलच. तो लोकांसमोर यावा, एवढीच अपेक्षा आहे. योजनेच्या बाजूने किंवा विरोधात बोलण्याचा माझा हेतू नाही. त्यावर आपल्याकडे आधीच खूप बोलले जाते आणि त्या गदारोळात जहाजावरच्या पाळ्यांचा विषय कोणी काढत नाही.

या मागणीवर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण घरातच तो ऐकला आहे : युद्ध घड्याळ पाहून होत नाही, नौसैनिकाला सोळा तासांची विश्रांती द्यायची म्हटले तर सीमेवर कोण जाईल? हे अगदी मान्य. संकटाच्या वेळी माणूस छत्तीस तास जागतो आणि त्याने जागलेच पाहिजे. परंतु जो माणूस शांततेच्या काळातच महिनोन्‌महिने पाच तासांच्या झोपेवर चालला आहे, त्याच्याकडे त्या छत्तीस तासांसाठी काही शिल्लक राहत नाही. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, हे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस प्रयोगांनी दाखवून दिले आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा ०.०३ टक्के आहे. आमच्या लॉबीत साइन ऑन करताना प्रत्येकाला श्वास तपासणी यंत्रात फुंकावे लागे आणि यंत्र थोडाही संशय दाखवी तर त्याला गाडीवर पाठवले जात नसे. झोप न झालेला माणूस त्या यंत्राला पकडता येत नाही. त्याला केवळ वहीतल्या नोंदीवरूनच पकडता येते. इंजिनात ड्रायव्हर जागा आहे की नाही हे पाहणारे दक्षता यंत्र असते, ठरावीक वेळाने बटण दाबले नाही तर ते ब्रेक लावते; पण अर्धवट झोपेतही सवयीने बटण दाबणारी माणसे असतात हे रेल्वेत सर्वांना माहीत आहे.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा. कोणत्या जहाजावर माणसे किती, हे शत्रूला कळू नये, हेही रास्त आहे. त्यासाठी जहाजाचे नाव, ठिकाण किंवा मोहीम जाहीर करण्याची गरज नाही. प्रत्येक नौसैनिकाच्या विश्रांतीच्या तासांची नोंद समुद्रात आणि बंदरातही ठेवावी, कारण बंदरात आल्यावर पहारा, दुरुस्ती आणि गोदीतली कामे यांमुळे माणूस मोकळा होतोच असे नाही. आणि त्या नोंदींवरून काढलेली संपूर्ण ताफ्याची सरासरी दरवर्षी संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे, हवे तर बंद दाराआड, ठेवावी. वॉचच्या प्रत्येक गटात किमान किती पात्र माणसे असल्याखेरीज जहाज बंदर सोडणार नाही, हे प्रत्येक वर्गाच्या जहाजासाठी ठरलेले असावे. त्याहून कमी माणसांनिशी जहाज पाठवावेच लागले तर तो निर्णय घेणाऱ्या वरिष्ठाची लेखी सही त्यावर असावी. आमच्याकडे विश्रांती पुरी न झालेल्या माणसाला गाडीवर पाठवायचे झाल्यास कोणाच्या आदेशाने पाठवले हे नोंदवून ठेवावे लागे, आणि नाव लिहायचे आहे हे कळले की पुष्कळ तातडीच्या गाड्या तितक्या तातडीच्या राहत नसत.

जर्मनीने आपल्या नव्या फ्रिगेटसाठी याहून पुढचे पाऊल टाकले आहे. चार जहाजांसाठी आठ दले ठेवायची आणि जहाज दूरच्या समुद्रातच राहू देऊन साधारण चार महिन्यांनी दल बदलायचे, अशी त्यांची योजना आहे. आपल्याकडे मंजूर पदेच भरलेली नसताना दुप्पट दले ठेवण्याची भाषा कोणाला परवडणार नाही, मलाही ती अवास्तव वाटते. परंतु जहाजाची मागणी नोंदवतानाच त्यासाठी लागणाऱ्या माणसांची भरती आणि शिक्षण यांचा खर्च त्याच प्रस्तावात धरावा, हे तरी करता येईल. जहाज बांधायला कित्येक वर्षे लागतात, आणि अनुभवी तांत्रिक नौसैनिक घडायलाही साधारण तेवढाच काळ जातो. मग दोन्हींची सुरुवात एकाच दिवशी का होऊ नये?

आपल्या जिल्ह्याचे मतदार तीन लोकसभा मतदारसंघांत विभागलेले आहेत : सोलापूर, माढा आणि बार्शी तालुक्यापुरता धाराशिव. नौदलातील अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण चिल्का येथे नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाले, म्हणजे त्या तुकडीची चार वर्षे नोव्हेंबर २०२६ मध्ये पूर्ण होतात. तिन्ही खासदारांना आपल्या दैनिकाच्या माध्यमातून माझी विनंती आहे की, त्या तुकडीतील बहुसंख्य मुले जहाजांवरून उतरल्यावर वॉचचे गट तीनच राहणार आहेत की दोन होणार आहेत, आणि समुद्रात असलेल्या नौसैनिकाला आठवड्याला किती तास विश्रांती मिळते याची नोंद नौदल आज ठेवते की नाही, हे दोन प्रश्न त्यांनी लोकसभेत लेखी विचारावेत. आलेली उत्तरे आपण छापावीत. पत्राची काटछाट करावी लागली तर माझ्याविषयीचा मजकूर कमी करावा, आकडे ठेवावेत.

आपला विश्वासू,
रेल्वेच्या क्रू लॉबीतील एक निवृत्त कर्मचारी,
सोलापूर